अंदाजपत्रकाच्या सभेतलं ताक

मी नगरसेविका झाले यात माझा दोष फार थोडा आहे. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. ज्या गृहस्थांनी त्या वॉर्डात आधीपासून स्वतःच्या वाढदिवसाचे बॅनर लावून ठेवले होते, त्यांची बायको ऐन वेळी "मी काही उभी राहणार नाही" म्हणून माहेरी निघून गेली. मग दोन-तीन पक्षांचे लोक आमच्या घरी आले. आले ते माझ्या नवऱ्याकडे. "साहेब, वहिनींना उभं करा," म्हणाले. माझा नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेला, सकाळभर शब्दकोडी सोडवणारा माणूस. त्यानं हातातल्या पेनानं स्वयंपाकघराकडे दाखवलं आणि सांगितलं, "तिला विचारा." मी कुकरची शिट्टी होऊ दिली आणि बाहेर येऊन म्हटलं, उभी राहते, पण कुणाच्या चिन्हावर नाही. त्यांना वाटलं मी भाव खातेय. मी खरंच तसं सांगत होते.

निवडून आले ती राजकारणामुळे नाही, गाऊनमुळे. कित्येक वर्षं मी उल्हासनगरच्या बाजारातून गाऊन, परकर, टॉवेल आणून घरोघरी विकत असे. कुठल्या बाईला कुठलं माप लागतं, सासूसमोर कुणाला लांब बाह्या हव्या असतात, हे मला पाठ. त्यामुळे वॉर्डातल्या जवळजवळ प्रत्येक घरात माझा चहा झालेला होता. उल्हासनगरच्या होलसेलवाल्या सिंधी शेठनं मला एक गोष्ट चांगली शिकवली. "भाभी, अपना भाव बोला ना, फिर चूप. जो पहले बोला वो गया." म्हणजे आपली किंमत सांगायची आणि तोंड मिटून बसायचं. मला बोलणं सोपं जातं, गप्प बसणं अवघड. ती विद्या मी फार कष्टानं मिळवली आहे.

आता गावाचं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर एकमेकांना इतके खेटून वाढलेत की मधला रस्ता कुणी दुरुस्त करायचा यावरून नेहमी घोडं अडतं. आमची पालिका यातली नेमकी कुठली, ते मी सांगणार नाही. माझं माहेर अंबरनाथ पूर्वेला, बहीण शिरगावात, नणंद बेलवलीत. कुणालाच "आमच्या गावाची बदनामी केलीस" म्हणायला जागा नको.

प्रचाराच्या दिवसांत मी एकच वचन दिलं होतं. आमच्या भाजी बाजारात आसपासच्या खेड्यांतून बायका येतात. पहाटे पालेभाजीच्या जुड्या घेऊन निघतात आणि दुपार टळल्यावर घरी पोचतात. बाजारात पुरुषांसाठी मुतारी आहे. तिचा वास आहे, म्हणून ती आहे हे कळतं. बायकांसाठी काहीच नाही. माझी नेहमीची एक भाजीवाली आहे, माझ्याच वयाची. उन्हाळ्यात एकदा मी तिच्यासाठी सरबताची बाटली घेऊन गेले. तिनं हात आखडता घेतला आणि म्हणाली, "नको गो ताय. पानी पिऊन जावाचा कुठं?" मला वाटलं मस्करी करतेय. नंतर ती बरेच दिवस दिसली नाही. लघवीच्या त्रासानं ताप चढून दवाखान्यात होती. परत आली ती अर्धी होऊन. डॉक्टरनं भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, असं ती मला हसत हसत सांगत होती. मला तेव्हा इतका राग आला की मी भाव न करता भाजी घेतली. मी तिला म्हटलं, निवडून आले तर पहिलं काम हे.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडलं. विश्वास बसला नसावा.

निवडून आल्यावरची पहिली सभा पुष्पगुच्छांची होती. मध्ये बरीच वर्षं पालिकेत प्रशासक होता, सभाच नव्हत्या, त्यामुळे निम्म्याहून अधिक आम्ही नवखे. एकमेकांना गुच्छ दिले, फोटो काढले, पेढे खाल्ले आणि चहा थंड व्हायच्या आत घरी गेलो. दुसऱ्या सभेत समित्या ठरल्या. म्हणजे त्या आधीच कुठेतरी ठरल्या होत्या, आम्हाला फक्त वाचून दाखवल्या. तीही सभा लवकर आटपली. मला वाटलं, नगरसेविका होणं हे गाऊन विकण्यापेक्षा हलकं काम आहे.

मग अंदाजपत्रकाचं पुस्तक घरी आलं. सभेच्या आदल्या संध्याकाळी. पालिकेचा माणूस ते दोन्ही हातांनी धरून आला होता. नवऱ्यानं शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि आम्ही दोघं चष्मे लावून बसलो. त्यात आमच्या गावाला काय काय मिळणार होतं ते वाचून मी थक्क झाले. स्वागत कमानी. चौकात कारंजं. तलावाकाठी सेल्फी पॉइंट. गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत, आत दिवे. आधीच्या कमानींची रंगरंगोटी. आमच्या गावात बाहेरून कुणी मुद्दाम येत नाही, आणि जो येतो तो पत्ता चुकलेला असतो; पण त्याचं स्वागत मात्र पाच-सहा कमानींखालून होणार होतं. बाजारातल्या बायकांसाठी एक ओळ नव्हती. मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं. नवरा म्हणाला, "अगं, नाहीये." मी त्याच्यावरच ओरडले.

पालिकेची रीत अशी, की अंदाजपत्रकात बदल हवा असेल तर सभेत सूचना मांडायची. पण ती एकट्यानं मांडून चालत नाही. दुसऱ्या सदस्यानं उठून "माझं अनुमोदन" म्हणावं लागतं. तेवढे दोन शब्द कुणी म्हटले नाहीत तर सूचना तिथंच गळते, तिच्यावर मत घेण्याचा प्रश्नच येत नाही. मी अपक्ष. माझ्या मागे कोण उठणार?

त्या संध्याकाळी मी सगळ्या महिला सदस्यांना फोन लावले. सभागृहात बायका निम्म्या, तेव्हा वाटलं एखादी तरी मिळेल. काही फोन नवऱ्यांनी उचलले. आमच्याकडे निवडून येते बायको आणि 'नगरसेवक' म्हणून मिरवतो नवरा. फोनही त्याच्याच खिशात. एकजण म्हणाला, "मॅडम स्वयंपाकात आहेत, काय ते मला बोला." मी म्हटलं, बायकांच्या संडासाबद्दल बोलायचंय. त्यानं लगेच फोन तिला दिला. पण तिनंही तेच सांगितलं जे सगळ्यांनी सांगितलं. विषय चांगला आहे, पण पक्षाचा आदेश आहे, आहे तसं अंदाजपत्रक मंजूर करायचं. विरोधी पक्षातलीला आदेश होता, सगळ्यालाच विरोध करायचा. त्या सगळ्यात संडासही आला.

शेवटचा फोन काकूंना. काकू म्हणजे आमच्या सभागृहातल्या सगळ्यात ज्येष्ठ सदस्या, सत्ताधारी पक्षाच्या. पूर्वीही निवडून आलेल्या. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, हातात घडी केलेला रुमाल, बोलणं कमी. अध्यक्षसुद्धा त्यांना वचकून असतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू." फोन ठेवला. मी कपाळाला हात लावला.

सभेच्या दिवशी सभागृह सजवलं होतं. अध्यक्षांच्या खुर्चीला झेंडूची माळ, मुख्याधिकाऱ्यांपुढे पुस्तकांची चळत, आणि वर प्रेक्षकांच्या गॅलरीत नवरेमंडळी. पांढरे शर्ट, खिशात दोन-दोन मोबाइल. तिथून ते आपापल्या बायकांना खुणा करत होते. एकजण खोकला की खालची एक उठे, दुसरा खोकला की दुसरी बसे. सर्दीची साथ आल्यासारखं वाटत होतं. माझा नवरा नव्हता आला. म्हणाला, मला खोकला नाहीये.

दोन्ही पक्षांनी आपापल्या लोकांना बजावलं होतं की मतदान होईपर्यंत कुणी सभागृहाचा मजला सोडायचा नाही. मलाही सुटका नव्हती. सूचना पुकारली तेव्हा सदस्य जागेवर नसेल तर ती बाद, असं सचिवांनी मला सकाळीच गोड आवाजात समजावलं होतं.

आणि मग भाषणं सुरू झाली. अंदाजपत्रकावर प्रत्येकानं बोलायचंच, ही आमच्या पालिकेची जुनी प्रथा आहे म्हणे. एवढ्या वर्षांची साठलेली भाषणं त्या दिवशी बाहेर पडली. प्रत्येकानं आधी अध्यक्षांचं अभिनंदन केलं, मग मुख्याधिकाऱ्यांचं, मग आपल्या वॉर्डातल्या मतदारांचं. शेर झाले. एकानं आकड्यांवर बोलतो म्हणून पुस्तक उघडलं आणि मिटलं. एकजण कमानीवर इतका भावनेनं बोलला की मला वाटलं आता रडेल. बाहेर ऊन तापलं होतं, आतले पंखे गरम हवा ढवळत होते. अध्यक्षांनी कनवाळूपणानं सगळ्यांसाठी ताक मागवलं होतं. स्टीलच्या मोठ्या पिंपात, जिरं-कोथिंबीर घातलेलं, बर्फ टाकलेलं. झकास होतं. शिपाई पेले भरून फिरत होता आणि नको म्हणवत नव्हतं. प्रत्येक भाषणानंतर एक फेरी.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात एक गंमत आली. एकेक बाई हळूच उठून मागच्या दारानं पॅसेजमध्ये जात होती आणि लगेच परत येत होती. गेली तेव्हा घाईत, आली तेव्हा हळू, आणि चेहरा असा की जणू घरी गॅस चालू राहिलाय. पुरुष जात होते, तेही परत येत होते, पण ते रुमालाला हात पुसत, मजेत. मग मला स्वतःलाच उठावंसं वाटलं आणि मी गेले.

पॅसेजच्या टोकाला 'महिला' अशी पाटी होती, तिच्याखाली दार होतं आणि दाराला कुलूप होतं. शेजारी 'पुरुष', तिथं सताड उघडं. मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, त्याची चावी अतिक्रमणवाल्यांकडे असते." अतिक्रमणवाल्यांचा काय संबंध? तर मधली एवढी वर्षं सभाच नव्हत्या, वरच्या मजल्यावर बायका येणार कोण, म्हणून त्यांनी तिथं जप्तीचा माल ठेवायला सुरुवात केली होती. कर्मचारी बायकांची सोय खाली, आवारापलीकडच्या इमारतीत. मी त्याला चावी आणायला लावली. दार उघडलं आणि आतून वाढदिवसाच्या बॅनरची एक गुंडाळी माझ्या अंगावर आली. आत छतापर्यंत बेकायदा बॅनर, फेरीवाल्यांच्या छत्र्या, तराजू, प्लास्टिकच्या पिशव्या. एका बॅनरवर आमच्याच सभागृहातले एक सदस्य हात जोडून हसत होते, नेमके संडासाच्या भांड्यावर उभे.

माझ्या मागे तीन सदस्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आत बघितलं. तेवढ्यात सभागृहातून माझं नाव पुकारलं गेलं आणि मी अक्षरशः धावत सुटले. त्या अवस्थेत धावणं म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको.

मी जागेवर पोचले, धापा टाकत. वाचायला लिहून आणलेलं भाषण बाकावर तसंच राहिलं. मी म्हटलं, "अध्यक्ष महोदय, सेल्फी पॉइंटची तरतूद काढून भाजी बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधावं, ही माझी सूचना."

कमानीवाले सदस्य उठले. "अंदाजपत्रकासारख्या महत्त्वाच्या सभेत हे असले विषय? बाजारातल्या बायका इतकी वर्षं बसतातच आहेत ना? त्यांची कधी तक्रार आलीय?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तक्रार कशी येईल? त्या पाणीच पीत नाहीत. आजारी पडतात. तुम्ही ताकाचे किती पेले प्यायलात? आणि किती वेळा जाऊन आलात? मी मोजत नाही बसले, पण तुम्ही माझ्यासमोरूनच गेलात." वर गॅलरीत कुणीतरी हसलं. "आता इथल्या बायकांना विचारा. ताक सगळ्यांनी प्यायलंय. गेलंय कोण? पॅसेजमधल्या आमच्या दारात तुमचे बॅनर भरलेत, साहेब. आम्ही इथं एक सकाळ काढतोय तर आम्हाला धड बसवत नाही, त्या रोज काढतात."

मुख्याधिकारी पुस्तकात काहीतरी शोधू लागले. अध्यक्ष म्हणाले, "सूचनेला अनुमोदन आहे का?"

आता बोलायचं नाही, हे मला ठाऊक होतं. भाव सांगून झाला होता. मी ओठ घट्ट मिटले आणि उभी राहिले. गॅलरीतून खोकले सुरू झाले. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, "अनुमोदन?" एक तरुण सदस्या पाय एकमेकांत अडकवून छताकडे बघत होती. तिच्या शेजारणीनं डोळेच मिटले होते. मला भाजीवालीचं ते हसणं दिसायला लागलं आणि वाटलं, संपलं. अध्यक्षांनी पेन उचललं.

"माझं अनुमोदन."

काकू उठल्या होत्या. त्यांच्या पक्षाचे गटनेते अर्धवट उठून म्हणाले, "काकू, आपलं ठरलंय..."

"तू बस," काकू म्हणाल्या. मग अध्यक्षांकडे वळल्या. "मत घ्या. हात वर करून घ्या. आणि लवकर घ्या."

सगळ्यात आधी हसली ती छताकडे बघणारी मुलगी. मग सभागृहातल्या बायका अशा हसल्या की एकीनं ओरडून सांगितलं, "अगं हसवू नका गं, प्लीज!" हात वर गेले. सत्ताधाऱ्यांचे, विरोधकांचे, बायकांचे सगळेच्या सगळे, आणि घरी जायचंय हे आठवलेल्या काही पुरुषांचेही. गॅलरीत नवरे इतके खोकले की शिपाई बिचारा वर पाणी घेऊन गेला. खालून एकीनंही वर पाहिलं नाही. सूचना मंजूर झाली, तिच्यासकट अंदाजपत्रक मंजूर झालं, आणि बाकं वाजवायच्या आधीच निम्मं सभागृह उठलं होतं.

मंजूर होणं म्हणजे बांधून होणं नव्हे, हे मला आता कळायला लागलंय. हे लिहिते आहे तेव्हा बाजारात जागा आखून खड्डा खणलाय, आणि फलकावर कुणाचं नाव वर येणार यावर चर्चा चालू आहे. भाजीवालीला मी दुसऱ्याच दिवशी सांगायला गेले होते. ती गिऱ्हाइकाशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होती. माझं ऐकून म्हणाली, "बरा झाला. बांधून झाला का सांग." मला थोडं वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं. मी रोज जाऊन खड्डा बघून येते. कंत्राटदार मला बघितलं की फोनवर बोलायला लागतो.

पण त्या दिवसाचं मला जे आठवतं ते मतदान नाही. सभा संपल्यावर आम्ही सगळ्या जणी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनावर चालून गेलो. आतमध्ये त्यांचं खासगी स्वच्छतागृह होतं, पुरुषांचं सोडलं तर त्या मजल्यावरचं तेवढंच मोकळं. खाली आवारापलीकडे जायचं कुणाच्याही ध्यानात आलं नाही, आणि आलं असतं तरी तेवढं चालवलं नसतं. सगळ्या पक्षांच्या बायकांची एक रांग त्यांच्या टेबलाला वळसा घालून थेट दारापर्यंत. मुख्याधिकारी सज्जन माणूस, फाइल उचलून बाहेर निघून गेले. जेवणाच्या खोलीतून मसालेभाताचा वास येत होता.

रांगेत माझ्यापुढे फक्त काकू होत्या. दार उघडलं, आतली बाहेर आली, आणि काकू बाजूला सरकल्या.

"तू हो पुढे," म्हणाल्या.

मी म्हटलं, "काकू, अहो तुमचा नंबर आहे."

"जा गं. मला सवय आहे. मी सभेच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. पहिल्यांदा निवडून आले तेव्हापासून. तेव्हाही त्या दाराला कुलूपच असायचं. आज ते ताक समोर आलं आणि मोह झाला." आणि रुमालानं ओठ टिपत त्या हसल्या. अगदी सहज, माझी भाजीवाली हसते तशा.

मला रडू आलं. रागही आला, कुणाचा ते कळेना. या बाईला अख्खी पालिका वचकून असते, आणि एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी एक दार मागितलं नव्हतं. मी काकूंना दंडाला धरलं आणि सरळ आत घातलं. त्या "अगं, अगं" करत राहिल्या. दार लावायला गेले तर त्याला आतून कडीच नव्हती. साहेब एकटेच वापरणार, त्यांना कडीची काय गरज? मग मी बाहेरून मूठ घट्ट धरली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

कमानीवाले सदस्य दालनात डोकावले. "मॅडम, चला, अध्यक्ष ताटावर बसलेत. सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

"थांबू देत," मी म्हटलं. "काकू आत आहेत."